चार धुरांडी आणि एक उडतं डुक्कर

*१९७६ च्या डिसेंबरात लंडनच्या आकाशात एक डुक्कर उडालं. ज्या पॉवर हाऊसवरून ते उडालं, त्या वास्तूची ही गोष्ट. आधी कारखाना, मग रेकॉर्डच्या कव्हरवरचं चित्र, मग भग्नावशेष आणि आता झगमगता बाजार!*

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि खिडकीची जागा धरा. जागा शक्यतो डाव्या हाताची असू द्या. दोन-तीन मिनिटांतच गाडी थेम्स नदीवरच्या ग्रोव्हनर पुलावर येते. उजवीकडे दाट झाडांचं बॅटरसी पार्क दिसतं आणि डावीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, विटांचा एक डोंगर उभा राहतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पांढुरकी धुरांडी. कुणी अवाढव्य टेबल उलटं करून, पाय वर करून ठेवावं तशी ही इमारत! लंडनकर तिला खरंच 'उलटं टेबल' म्हणतात.

हेच बॅटरसी पॉवर स्टेशन. राजवाडा नाही, चर्च नाही, संग्रहालयही नाही. नुसतं वीज तयार करण्याचं ठिकाण. तरीही जगाच्या पाठीवरचे लाखो लोक लंडनला पाऊल न ठेवता ही इमारत ओळखतात. त्याचं कारण एक फूट लांब, एक फूट रुंद पुठ्ठ्यावर छापलेलं एक चित्र. 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये 'ॲनिमल्स' नावाची एल.पी. रेकॉर्ड काढली. तिच्या कव्हरवर हे पॉवर हाऊस होतं आणि त्याच्या धुरांड्यांच्या मधून एक गुलाबी डुक्कर उडत होतं.

रॉक संगीत ज्यांच्या घरात कधी वाजलं नाही, त्यांनीही ही गोष्ट वाचावी अशी आहे. कारण ती जितकी गाण्यांची आहे, तितकीच एका शहराची, त्यातल्या पैशाची आणि माणसं कशावर जीव लावतात याचीही आहे.

आजोबांचं घड्याळ, नातवाची धुरांडी

सुरुवात आपल्याला जवळच्या नावापासून करू. मुंबईत ओव्हल मैदानाशेजारी उभा असलेला राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे, निदान फोटोत तरी. १८७८ मध्ये पुरा झालेल्या या मनोऱ्याचा आराखडा होता सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा. त्यांचेच नातू सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. लंडनची ती प्रसिद्ध लाल टेलिफोन पेटी नातवाचीच. आणि बॅटरसीच्या पॉवर हाऊसचं बाह्यरूपही त्यांनीच घडवलं. आजोबांनी मुंबईला घड्याळाचा मनोरा दिला, नातवाने लंडनला धुरांडी दिली!

बांधकाम १९२९ मध्ये सुरू झालं, तेव्हा लंडनमध्ये मोठीच ओरड झाली. शहराच्या ऐन मध्यात, बागेला खेटून, पार्लमेंटपासून हाकेच्या अंतरावर कोळसा जाळणार? धुराने इमारती काळवंडतील, झाडं मरतील, टेट गॅलरीतली चित्रं खराब होतील, अशा तक्रारी झाल्या. त्यावर दोन उपाय निघाले. एक, इमारत निदान देखणी तरी हवी, म्हणून स्कॉट यांना बोलावलं गेलं. त्यांनी पोलादी सांगाड्यावर विटांचा असा अंगरखा चढवला की कारखाना एखाद्या प्रार्थनामंदिरासारखा दिसू लागला. साठ लाखांहून अधिक विटा त्यासाठी लागल्या. दुसरा उपाय आणखी नवलाचा होता. धूर चक्क धुवायचा! धुरांड्यात जाण्यापूर्वी धुरावर थेम्सच्या पाण्याचा मारा करून त्यातलं गंधक काढून घ्यायचं. जगात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या पहिल्या काही केंद्रांत बॅटरसीची गणना होते. गंधक धुतलेलं ते पाणी पुढे नदीतच जायचं, ही गोष्ट वेगळी.

चार धुरांडी एकदम उभी राहिली नाहीत. पहिला अर्धा भाग, म्हणजे 'ए' स्टेशन, १९३३ मध्ये वीज देऊ लागला. तेव्हा इमारतीला दोनच धुरांडी होती. दुसऱ्या अर्ध्या भागाचं काम महायुद्धात रखडलं आणि चौथं धुरांडं उभं राहायला १९५५ साल उजाडलं. म्हणजे जी आकृती आज आपल्याला अनादि काळापासूनची वाटते, ती कव्हरवर येण्यापूर्वी जेमतेम वीस-एकवीस वर्षांचीच होती.

भरभराटीच्या दिवसांत लंडनच्या विजेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा इथून येत असे. वर्षाकाठी दहा लाख टनांवर कोळसा लागायचा आणि तो मुख्यतः बोटींतून नदीमार्गे यायचा. यंत्रं थंड करून गरम झालेलं पाणीही वाया जात नसे. नदीखालच्या नळांतून ते पलीकडच्या पिमलिको वस्तीत जायचं आणि तिथली हजारो माणसं हिवाळ्यात त्यावर आपली घरं ऊबदार ठेवायची. शहराशी या इमारतीचं नातं किती घट्ट होतं, ते २० एप्रिल १९६४ च्या रात्री कळलं. बॅटरसीत आग लागली, पश्चिम लंडनची वीज गेली आणि त्याच रात्री सुरू व्हायची असलेली बीबीसीची दुसरी दूरचित्रवाहिनी सुरूच होऊ शकली नाही. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं!

गाडीच्या काचेतून दिसलेलं कव्हर

आता १९७६ सालात येऊ. ब्रिटनची अवस्था बिकट होती. महागाई, बेकारी, संप. त्या वर्षी तर सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले. बॅटरसीचं 'ए' स्टेशन १९७५ मध्येच बंद झालं होतं. उरलेला अर्धा भाग थकल्या अंगाने वीज देत होता.

पिंक फ्लॉइडचे चौघे, म्हणजे रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन, उत्तर लंडनमधल्या आपल्या स्वतःच्या स्टुडिओत नव्या रेकॉर्डचं काम करत होते. त्यातली बहुतेक गाणी वॉटर्सची. त्याने समाजाचे तीन भाग पाडले होते. दुसऱ्याच्या नरड्याचा घोट घेत वर चढणारे व्यापारी म्हणजे कुत्रे. जगाला नीतिपाठ देत सत्तेवर बसलेले म्हणजे डुकरं. आणि मुकाट्याने मागून जाणारे म्हणजे मेंढरं. या कल्पनेवर जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' या कादंबरीची सावली होती. हा ऑर्वेलही आपल्याला तसा परका नव्हे. त्याचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा.

रेकॉर्डची कव्हरं तयार करण्याचं काम 'हिप्नॉसिस' या संस्थेकडे असे. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल हे दोघे मित्र तिचे कर्तेधर्ते. त्या काळात रेकॉर्डचं कव्हर ही साधी गोष्ट नव्हती. बारा इंची चौकोन हातात घेऊन पोरं तासन्तास न्याहाळत बसायची. लोलकातून फुटणारा प्रकाशकिरण असलेलं १९७३ चं कव्हर याच मंडळींचं. पण या वेळी हिप्नॉसिसने मांडलेल्या कल्पना वॉटर्सला पटेनात. मग त्याने स्वतःचीच कल्पना पुढे केली.

वॉटर्सचं घर दक्षिण लंडनमध्ये, स्टुडिओ उत्तरेला. जाता-येता गाडीच्या काचेतून बॅटरसीची धुरांडी दिसायची. दणकट, उदास आणि सत्तेचा दर्प असलेली. या राक्षसी कारखान्यावरून एक डुक्कर उडताना दाखवायचं, असं त्याने सुचवलं. आपण अशक्य गोष्टीबद्दल 'सूर्य पश्चिमेला उगवला तर' म्हणतो ना, तसं इंग्रज माणूस 'डुकरं उडू लागली तर' म्हणतो. म्हणजे एकाच चित्रात सत्ताधाऱ्यांची टिंगलही होती आणि अशक्य ते घडेल अशी वेडी आशाही!

तीन दिवसांचं नाटक

कल्पना ठरली, तरी डुक्कर आणायचं कुठून? जेफ्री शॉ या ऑस्ट्रेलियन कलावंताच्या मदतीने जर्मनीतल्या एका बलूनच्या कारखान्यात ते तयार करून घेण्यात आलं. तीस-चाळीस फूट लांब, पोटात हेलियम वायू भरायचा. लाडाचं नाव 'आल्जी'.

आजचा वाचक विचारेल, फोटो वेगवेगळे काढून चिकटवायचे की! इतका उपद्व्याप कशाला? पण थॉर्गरसनचा हट्टच तो होता. जे दाखवायचं ते खरोखर घडवायचं. १९७५ च्या रेकॉर्डसाठी त्यांनी हस्तांदोलन करणाऱ्या एका माणसाला खरोखरची आग लावली होती. अर्थात आगीचे खेळ करणारा तरबेज माणूस होता तो! पुढे १९८७ मध्ये डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर शेकडो खरे पलंग मांडून फोटो काढला. तेव्हा डुक्करही खरोखर उडालं पाहिजे, हे ओघानेच आलं.

२ डिसेंबर १९७६ चा दिवस मुक्रर झाला. छायाचित्रकार मोक्याच्या जागा धरून बसले. डुक्कर दोर तोडून पळालंच, तर गोळी घालून खाली पाडायला एक नेमबाजही बोलावला होता. पण हवा बिघडली आणि डुकराचं काम त्या दिवशी तडीस जाईना. आकाश मात्र विलक्षण होतं. काळेपिवळे ढग आणि त्यातून फुटणारा उजेड. छायाचित्रकारांनी रिकाम्या आकाशाचे आणि इमारतीचे फोटो काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी आल्जी ऐटीत वर चढलं. आणि जोराच्या वाऱ्याने दोर तुटला! आता नेमबाज कुठाय? त्याला फक्त पहिल्या दिवसापुरतंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं व्यवस्थापकाकडून राहूनच गेलं होतं. बघता बघता डुक्कर ढगांत दिसेनासं झालं. हीथ्रो विमानतळाच्या हद्दीत गुलाबी डुक्कर उडतंय, अशी वार्ता वैमानिकांकडून येऊ लागली. बिचाऱ्यांना कुणी काय म्हणालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी! विमानांची उड्डाणं खोळंबली. शेवटी रात्री केंट परगण्यातल्या एका शेतात आल्जी उतरलं. शेतकरी भयंकर संतापला होता म्हणे. डुकराला पाहून त्याच्या गाई बिथरल्या होत्या.

आल्जीला परत आणून ठिकठाक केलं आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वर चढवलं. फोटो निघाले. डुक्कर अगदी हवं तसं होतं, पण आकाशात दम नव्हता. पहिल्या दिवसाचं ते नाट्यमय आकाश कुठे आणि हे कुठे! अखेर तिसऱ्या दिवसाचं डुक्कर कापून पहिल्या दिवसाच्या आकाशात चिकटवण्यात आलं. म्हणजे इतका आटापिटा करून शेवटी कात्री आणि डिंकच कामी आला!

पण हा आटापिटा वाया गेला असं कोण म्हणेल? रेकॉर्ड दुकानात यायच्या आधीच पळून गेलेलं डुक्कर वर्तमानपत्रांतून घरोघर पोचलं होतं. आणि हे कव्हर हातात घेतलं की दिसतं, त्यात डुक्कर अगदी लहान आहे. शोधावं लागतं. नजर आधी खिळते ती इमारतीवर. ज्या वास्तूकडे लंडनकर रोजच्या धावपळीत मान वर करून बघतही नव्हते, ती त्या दिवसापासून चित्रातली झाली.

छप्पर नसलेली तीस वर्षं

१९८० मध्ये सरकारने बॅटरसीला संरक्षित वास्तूंच्या यादीत घातलं. त्यामुळे ती पाडणं अवघड झालं. ३१ ऑक्टोबर १९८३ रोजी तिथली शेवटची यंत्रंही थांबली. आता वीज नाही, पाडायची परवानगी नाही. करायचं काय?

इथून पुढची कहाणी वाचताना जीव तुटतो. १९८७ मध्ये एका उद्योजकाने इमारत घेऊन आत भव्य मनोरंजन नगरी उभारायचं ठरवलं. १९८८ मध्ये खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर कामाच्या शुभारंभाला हजर होत्या. यंत्रं बाहेर काढण्यासाठी छप्पर उतरवलं गेलं, पश्चिमेची भिंत पाडली गेली. आणि १९८९ मध्ये पैसा संपला. काम ठप्प! पोलादी सांगाडा उघड्यावर गंजत राहिला, पाया पाण्यात बुडाला. १९९३ मध्ये हाँगकाँगचे मालक आले, २००६ मध्ये आयर्लंडची कंपनी आली. तिने ४० कोटी पौंड मोजले आणि २०११ मध्ये ती कर्जात बुडाली. चेल्सी फुटबॉल क्लबला इथे मैदान हवं होतं, तेही जमलं नाही. २०१२ मध्ये मलेशियातल्या कंपन्यांनी पुन्हा ४० कोटी पौंडांना ही वास्तू विकत घेतली.

रेकॉर्डच्या कव्हरमुळे ही इमारत वाचली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. ती वाचली कायद्यामुळे, चिकाटीने लढलेल्या स्थानिक रहिवाशांमुळे आणि अखेर पैशामुळे. पण ती लोकांच्या डोळ्यांआड कधी झाली नाही, याचं श्रेय त्या चित्राला द्यायलाच हवं. २००६ च्या 'चिल्ड्रेन ऑफ मेन' या चित्रपटात बॅटरसी दिसतं आणि धुरांड्यांच्या मधे डुक्करही तरंगतं. सप्टेंबर २०११ मध्ये पिंक फ्लॉइडच्या जुन्या रेकॉर्ड नव्याने बाजारात आणताना रेकॉर्ड कंपनीने नव्या डुकराला पुन्हा बॅटरसीवर चढवलं. या वेळी ते पळालं नाही! २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात जी छोटी फिल्म दाखवली, तिच्यातही या धुरांड्यांवरचं डुक्कर होतं. ज्या प्राण्याला सत्ताधाऱ्यांची टर उडवण्यासाठी जन्माला घातलं, तो आता राष्ट्राच्या कौतुकसोहळ्यात जाऊन बसला.

आज तिथे काय आहे?

आज जायचं झालं तर सोपं आहे. २०२१ मध्ये भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन इथवर आणली गेली, स्टेशनाचं नावच 'बॅटरसी पॉवर स्टेशन'. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी इमारत लोकांसाठी खुली झाली. आत जिथे टर्बाइनं घरघरायची, त्या उंचच उंच दालनांत आता शंभराहून अधिक दुकानं आणि उपाहारगृहं आहेत. पन्नासच्या दशकातलं एक नियंत्रण कक्ष जपून ठेवलंय, पण त्याचं मद्यालय झालंय. बटणं आणि काटे तसेच, समोर ग्लास! वरच्या मजल्यांवर ॲपल कंपनीची कचेरी आहे. आणि एका धुरांड्यातून काचेची लिफ्ट वर नेते. १०९ मीटर उंचीवर पोचलं की पायाखाली थेम्सचं वळण, पूल, बाग आणि शेजारचं कुत्र्या-मांजरांचं अनाथालय दिसतं. हे अनाथालय १८७१ पासून इथे आहे. योगायोग पाहा, 'ॲनिमल्स'मधलं सर्वांत लांबलचक गाणं कुत्र्यांवरच आहे.

एक गोष्ट पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. ही धुरांडी मूळची नाहीत. जुन्यांचं काँक्रीट आतून खराब झालं होतं, म्हणून ती उतरवून २०१४ ते २०१७ या काळात हुबेहूब तशीच नवी बांधण्यात आली. म्हणजे कव्हरवरचं डुक्करही आता नाही आणि कव्हरवरची धुरांडीही नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक खुपणारी आहे. वास्तूभोवती हजारो नवी घरं उभी राहिली, नामवंत वास्तुविशारदांनी बांधलेली आणि सामान्य लंडनकराच्या आवाक्याबाहेरची. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी यात ६३६ घरं ठेवायचं ठरलं होतं. खर्च वाढल्याचं कारण पुढे आलं आणि २०१७ मध्ये हा आकडा ३८६ वर आणला गेला. ज्या पॉवर हाऊसच्या गरम पाण्यावर पलीकडच्या साध्या वस्तीची घरं ऊब घेत होती, त्याच्या सावलीत आता साध्या माणसाला घर मिळणं कठीण. कुत्रे, डुकरं आणि मेंढरांची गाणी ज्या इमारतीच्या चित्रात गुंडाळून विकली गेली, तिच्या वाट्याला हे यावं, याहून मोठी थट्टा कोणती?

पण दुसरी बाजूही खरी आहे. तीस वर्षं छप्पराविना भिजणारी ती इमारत नुसत्या आठवणींवर उभी राहिली नसती. पैसा आला नसता, तर आज तिथे विटांचा ढिगारा असता आणि आपण जुनं कव्हर बघून हळहळत बसलो असतो. वास्तू वाचवायची तर ती कुणासाठी वाचवायची, हा प्रश्न त्या चार धुरांड्यांखाली उभं राहिलं की टाळता येत नाही. बॅटरसीपुरतं त्याचं उत्तर अर्धंच मिळालंय. नदीकाठची जी जमीन वर्षानुवर्षं कुंपणाआड होती, तिथे आज कुणीही, एक पैसाही खर्च न करता, फिरू शकतं. संध्याकाळी तिथे बाबागाड्या ढकलणारी जोडपी दिसतात, म्हातारी माणसं बाकांवर बसलेली दिसतात. त्यांच्यासाठी मात्र ही जागा खरोखर परत आली आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये, इमारत उघडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, 'ॲनिमल्स' नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा बाजारात आली. थॉर्गरसन २०१३ मध्येच गेला होता. नव्या कव्हरची जबाबदारी त्याच्या जुन्या जोडीदाराने, ऑब्री पॉवेलने, घेतली. त्याने जुनाच फोटो पुन्हा छापला नाही. डागडुजी चालू असलेल्या बॅटरसीचं नवं छायाचित्र वापरलं. त्यात धुरांड्यांच्या बरोबरीने क्रेनही उभ्या आहेत. आणि हो, डुक्करही आहे.

लंडनला गेलात तर बॅटरसीला थेट दारातून जाऊ नका. आधी नदीच्या उत्तर काठावर किंवा चेल्सी पुलावर या. दिवस ढगाळ असेल तर उत्तमच. तिथून चारही धुरांडी नीट दिसतात, दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत. मग पूल ओलांडून सावकाश पलीकडे जा.